वाघ्या जेजुरीला गेला

मला सल्ला द्यायची खोड आहे. मास्तरकी सुटली तरी ती सुटली नाही, उलट बळावली. पूर्वी ऐकायला चाळीस पोरं होती, आता एकटी सुचेता. तिला पाजून उरलेला उपदेश कुठे तरी ओतायलाच हवा होता. त्यासाठी मी एक वही काढली, आणि त्या वहीनंच माझी अब्रू घेतली. कुणी विचारलं म्हणून हे सांगत नाही. मनात ठेवून अन्न गोड लागत नाही, म्हणून सांगतो.

बेचाळीस साली धरपकड सुरू झाली तेव्हा मी शाळेचा राजीनामा दिला आणि मुलीलाही शाळेतून काढलं. घरचं थोडं भात होतं, संध्याकाळच्या शिकवण्या होत्या, कर्जतेत तेवढ्यावर भागत होतं. सुचेता तेव्हा आठ वर्षांची. "हिला मीच घरी शिकवीन," असं मी चार लोकांत जाहीर केलं. माझं बघून, खरं तर माझ्या बोलण्याला भुलून, आणखी दोघांनी आपल्या मुली घरी बसवल्या. एक खालापूरचे आबाजी. शेतकरी माणूस, पण बापाच्या हाताखाली मोडी गिरवलेला, अक्षर माझ्यापेक्षा वळणदार. दुसरे नेरळचे विष्णुपंत. त्यांचं औषधांचं लहानसं दुकान होतं आणि स्वभाव इतका मऊ, की गिऱ्हाइकाला औषध कडू लागलं तर तेच माफी मागत.

तिघं तीन गावी. रोज कोण कुणाकडे जाणार? म्हणून ती फिरती वही. ज्याला अडचण त्यानं प्रश्न लिहायचा, बाकीच्यांनी खाली उत्तर लिहून पुढे पाठवायची. नेण्या-आणण्याचं काम धोंडूबाईचं. ती खालापुराकडची भाजीवाली. बुधवारी माझ्याकडून वही घेऊन आबाजींना द्यायची, पुढे भाजी घेऊन नेरळला गेली की विष्णुपंतांना, आणि रविवारी परत माझ्या ओटीवर. वही फडक्यात बांधून टोपलीत, माठाच्या जुड्यांखाली. कधी कधी पानांना मेथीचा वास यायचा.

काय काय प्रश्न असत त्या वहीत! मुलगी पाटीवरची पेन्सिल खाते, काय करावं? शेळीनं हिंदुस्थानचा नकाशा मद्रासेपर्यंत खाल्ला, आता भूगोल कसा शिकवावा? विष्णुपंतांच्या पोपटानं दुकानातल्या गिऱ्हाइकाकडून शिवी उचलली आणि तो ती नेमकी शुभंकरोतीच्या वेळी देतो. मी सगळ्यांना उत्तरं द्यायचो, लांबलचक, मुद्दे पाडून. आबाजी दोन ओळी लिहीत. "पेन्शिल खाते म्हंजे पोटात जंत हायेत. वावडिंग द्यावं." आणि खरंच जंत असत. मला त्याचा थोडा रागच यायचा.

वहीचे नियम अर्थातच मी केले होते. प्रत्येक प्रश्नाला तिघांनीही उत्तर द्यायचं, विचारणाऱ्यानंही शेवटी काय केलं ते लिहायचं. पान फाडायचं नाही. आणि लिहायचं ते मोडीत, म्हणजे मुलींच्या हाती वही पडली तरी त्यांना वाचता येऊ नये. आईबापांच्या गोष्टी आईबापांत राहाव्यात. हा नियम तिसऱ्या पानावर आहे. आठव्या पानावर, माझ्याच अक्षरात, मी असंही लिहिलं आहे की शाळांतून मोडी मागे पडत चालली, ही मोठी हानी आहे, आपण घरी शिकवणाऱ्यांनी ती मुलींना अवश्य शिकवावी. मी सुचेताला सुरुवात केली आहे. मधली पानं चारच. पण शहाण्या माणसाला स्वतःचं लिहिलेलं वाचायची गरज कुठे असते!

आता वाघ्याचं सांगतो.

नदीकाठी कुणी टाकून दिलेलं पिल्लू सुचेतानं परकराच्या ओच्यात घालून घरी आणलं होतं. पिवळसर रंग, एक कान उभा, एक पडलेला. अभ्यासाच्या वेळी तो हनुवटी उंबऱ्यावर टेकून पडायचा आणि सुचेता पाढे म्हणू लागली की शेपटी जमिनीवर आपटायचा. चुकली तरी आपटायचा, बरोबर आली तरी आपटायचा. माझी बायको अनसूया म्हणायची, "घरात एक तरी मास्तर असा हवा." मी हसायचो. तेव्हा मला हसता यायचं.

त्रेचाळीसच्या दिवाळीनंतर एकदा बाजारात माझे शाळेतले एक जुने सोबती भेटले. चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "काय मास्तर, पट किती तुमच्या शाळेचा? दोनच ना? त्यातला एक शेपटीवाला म्हणे!" लोक हसले. मीही हसलो. घरी आलो तर वाघ्या नेहमीसारखा उंबऱ्यावर. त्यानं माझ्याकडे बघून शेपटी आपटली, आणि मला ते बाजारातलं हसू पुन्हा ऐकू आलं.

एवढंच कारण होतं. पुढे मी वहीत लिहिलं की धान्याची टंचाई आहे, मुलगी आपल्या ताटातली भाकरी कुत्र्याला घालते, अभ्यासातलं लक्ष उडतं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, पण कारण ते नव्हतं.

अनसूया सुचेताला घेऊन एका दिवसासाठी शेलूला मावशीकडे गेली होती. मी वाघ्याच्या गळ्यात सुंभ बांधलं, खोपोलीच्या गाडीत गार्डाला सांगून त्याला चढवलं आणि खोपोलीला उतरलो. स्टेशनाबाहेर त्याच्यापुढे दोन भाकऱ्या टाकल्या. सुंभ सोडलं. तो खाण्यात गुंतला तसा मी परतीच्या गाडीत जाऊन बसलो. गाडी सुटली.

सुचेता दुसऱ्या दिवशी आली. घरभर, परसात, नदीवर शोधून आली. मग माझ्यापुढे उभी राहिली. मी तिला सांगितलं, "वाघ्या जेजुरीला गेला. खंडोबानं बोलावलं. वाघ्या नावाच्या कुत्र्याला एक ना एक दिवस बोलावणं येतंच."

"मला न सांगता?"

"देवाच्या बोलावण्याला वेळ नसते."

ती चार दिवस रडली. मग दर रविवारी, खंडोबाचा वार म्हणून, आपल्या ताटातली चतकोर भाकरी देवापुढे ठेवू लागली. अनसूयेला मी खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला हे पटलं नाही. पण तुमच्या शब्दाबाहेर मी तिला काही सांगणार नाही." त्यानंतर रविवारी ती मुद्दाम परसात काही तरी काम काढायची.

पौषात विष्णुपंतांनी वहीत प्रश्न लिहिला. त्यांच्या मुलीचं मांजर दुकानातल्या बरण्या पाडतं, पण मुलीचा त्याच्यावर फार जीव. काय करावं? मला असं काही विचारलं की माझी बोटं शिवशिवतात. मी पानभर लिहिलं. वाघ्याला कसा नेला, भाकऱ्या कशा टाकल्या, जेजुरीची गोष्ट कशी रचली, सगळं. शेवटी लिहिलं, "मुलांना खरं सांगणे ही आपली हौस असते, त्यांची गरज नव्हे. गोड गोष्ट सांगावी, मुले विसरतात." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा वाचलं.

त्याखाली आबाजींनी लिहिलं, "आमी म्हातारा बैल इकला तवा आमच्या पोरीला, जयवंताला, खरं सांगितलं. ती दोन दिस जेवली नाय. तिसऱ्या दिशी जेवली. मला यवढंच ठावं हाय." मी म्हटलं, हा शेतकरी माणूस, बैल आणि मुलीचं मन यांत फरक करता येत नाही त्याला. विष्णुपंतांना मात्र माझंच पटलं. पुढच्या खेपेला त्यांनी लिहिलं, "आपल्या सल्ल्याप्रमाणे केले. मांजर शेलूच्या पलीकडे सोडले. मुलीला सांगितले, ते सासरी गेले. आपले उपकार." मी खाली लिहिलं, "उत्तम. आमची सुचेताही आता विसरली. गेले तीन रविवार भाकरी ठेवलेली नाही."

ते खरंच होतं. तिनं भाकरी ठेवणं सोडलं होतं. वही फडक्यात बांधून धोंडूबाईला द्यायचं काम तिच्याकडे असायचं, आणि त्या बुधवारीही तिनंच दिली.

रविवारी धोंडूबाई आली ती नेहमीसारखी "मास्तर, घ्या तुमचं बाड," असं ओरडत आली नाही. टोपली उतरवून ओटीवर टेकली. म्हणाली, "मला वाचाया येत नाय, बरं हाय. पर यवढं काय लिवलंय वो हिच्यात? आबाजी वाचता वाचता लय गप झालं. आन नेरळचं विष्णुपंत तर दुकान टाकून आतच गेलं."

मी फडकं सोडलं.

माझ्या "उत्तम"च्या खाली मोडीत लिहिलेलं होतं. अक्षर मोठं, ओळी उजवीकडे चढत गेलेल्या. पहिल्या क्षणी, मला सांगायला लाज वाटते, मला आनंद झाला. सुचेता मोडी लिहिते! माझ्यासमोर दोन शब्दांना चारदा अडखळायची ती मुलगी! मग मी वाचलं.

"प्रश्न. विचारणार सुचेता. वय नऊ. मी विसरले नाही. वडील आपल्याशी खोटे बोलले हे मुलीला कळले, तर मुलीने काय करावे? तिघांनी उत्तर द्यावे."

त्याखाली आबाजींचं अक्षर. "पोरी, तुज्या वडलांनाच इचार. मास्तर हायेत ते. खरं सांगतील."

त्याखाली विष्णुपंत. नेहमी किती ठळक लिहिणारा माणूस, इथे शाई फिकट होती. "माझ्यापाशी उत्तर नाही. मी आपल्या मुलीला खरे सांगितले. तीन दिवस ती माझ्याशी बोलत नाही. मांजर पाहण्यास दोनदा शेलूला गेलो, सापडले नाही. मास्तर, आपण काय करणार ते कळवावे."

आणि त्याखाली कोरी जागा. तिघांनी उत्तर द्यायचं, हा माझाच नियम. तिसरा मी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन गावांत दोन माणसांनी हे वाचलं होतं. आबाजींनी शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, त्याचं काय करायचं? पान फाडावं असं मनात आलं. बोट पानाच्या कडेवर गेलंही. मग अनसूया दारात उभी दिसली.

"तुम्हांला ठाऊक होतं तिला वाचता येतं?" मी विचारलं. रागावलो किंवा घाबरलो की मी बायकोला अहोजाहो करतो.

"माझ्यासमोर ती घडाघडा वाचते," अनसूया म्हणाली. "तुमच्यासमोर भीतीनं अडखळते. तुम्ही कधी विचारलंत?"

सुचेता परसात होती, चुलीसाठी काटक्या मोडत होती. मी जवळ जाऊन बसलो. म्हटलं, "वाघ्याला मी खोपोलीला सोडला. जेजुरीची गोष्ट खोटी होती." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. काटकी मोडली, दुसरी घेतली.

"हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी वाचलंय. तो आता कुठं आहे?"

"मला माहीत नाही."

"मग बघायला जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खोपोलीच्या गाडीत बसलो. तिनं फडक्यात भाकरी बांधून घेतली होती. मी घरून निघताना मनाशी ठरवलं होतं, आता या मुलीशी एक शब्द खोटा बोलायचा नाही. पळसदरी मागं पडली आणि तिनं खिडकीबाहेर बघत विचारलं, "अण्णा, तुम्ही गाडीत बसलात तेव्हा तो मागं धावला का हो?"

"नाही गं," मी म्हणालो. "तो भाकरी खात होता."

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं. हवी तर सवय म्हणा, मी भ्याडपणा म्हणतो. कारण तो धावला होता. गाडीनं वेग घेतला तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं, रुळांच्या कडेनं तो पिवळा ठिपका येत होता, आणि मी खिडकीची फळी लावून घेतली होती. हे मी वहीतही लिहिलं नव्हतं. आता सुधारून घ्यायला अर्धा तास होता. मी तो अर्धा तास डोंगर बघत काढला.

स्टेशनाबाहेर चौकशी केली. एका हमालानं सांगितलं, रुळांनी मागं चालत जा, फाटकवाल्या धाकलूकडे एक पिवळं कुत्रं आहे. गेलो. फाटकाशी एक झोपडी, बाहेर धाकलूची बायको बायजा भात पाखडत बसलेली. मी विचारायच्या आत झोपडीमागून वाघ्या आला. एक मागचा पाय उचलून धरत, तीन पायांवर, पण धावत. सुचेता पुढे होती. तिच्या बाजूनं तो सरळ माझ्याकडे आला आणि त्यानं माझ्या धोतरात तोंड खुपसलं. सगळं अंग हलवत होता. तो भुंकला असता, चावला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या डोक्यावर हातही ठेवू शकलो नाही.

बायजानं सूप बाजूला ठेवलं. "तुमचा काय ह्यो? मंग इतकं दिस व्हता कुटं तुमी? त्या दिशी गाडीमागं धावत आला बिचारा. हितं फाटकापातूर. खडीवर पाय पार फाटला, हितंच पडला. म्या हळद भरली. चार दिस पान्यालाबी तोंड लावंना."

सुचेतानं माझ्याकडे वळून पाहिलं. नुसतं पाहिलं. मला तिच्याकडे बघवेना, बायजाकडे बघवेना, कुत्र्याकडे तर नाहीच. मी खाली खडीकडे बघत उभा राहिलो. पन्नास वर्षांचा होईन दोन वर्षांनी, आजवर इतका उघडा कधी पडलो नव्हतो.

ती वाघ्यापाशी खाली बसली, त्याचा पाय मांडीवर घेऊन बघितला, भाकरी सोडून त्याला घातली. बराच वेळ बसली. मग बायजाला विचारलं, "हा तुमच्याकडे नीट राहतो का हो?"

"र्‍हातो की. गाडीच्या टायमाला धाकलूसंगं फाटकावर उभा र्‍हातो. पर तुमचा हाय, तुमी न्या. माजं काय."

"आपण घेऊन जाऊ," मी घाईनं म्हणालो. "आत्ता, पुढच्याच गाडीनं. तो आपल्या घरी राहील. मी शब्द देतो."

सुचेतानं मान हलवली. तिचा आवाज चढला नव्हता, रडवेला नव्हता. पाढा म्हणावा तसं तिनं सांगितलं, "नको अण्णा. घरी आणला तर तुम्ही पुन्हा त्याला सोडून याल, आणि मला काही तरी सांगाल. इथं राहू दे. इथं आहे हे मला ठाऊक तरी असेल."

 शब्द देण्यासारखं माझ्याकडे उरलं काय होतं? बायजानं आम्हांला गूळपाणी दिलं. निघताना तिनं वाघ्याला गळ्याशी धरून ठेवलं, त्यानं पुन्हा गाडीमागं येऊ नये म्हणून.

त्या रात्री मी वहीतली कोरी जागा भरली. मुद्दे पाडले नाहीत. वाघ्या धावला होता तेही लिहिलं, गाडीत पुन्हा खोटं बोललो तेही लिहिलं. वही फडक्यात बांधायला सुचेताकडे दिली तेव्हा तिनं ती उघडून वाचली, माझ्यादेखत, एकदाही न अडखळता. मग गाठ मारली. आबाजींनी पुढच्या खेपेला नेहमीसारख्या दोन ओळी लिहिल्या, "वाचलं. वाल काढनीला मानसं मिळत नाईत, तुमी दोगं या." विष्णुपंतांनी मला सल्ला विचारणं बंद केलं आहे, आणि तेच योग्य आहे.

सुचेता महिन्यातून एकदा आईबरोबर खोपोलीला जाऊन येते. माझ्यावर ती रुसलेली नाही. मला पाणी आणून देते, माझा सदरा वाळत घालते, सकाळी पाटी घेऊन वेळेवर समोर बसते. मी शिकवतो ते सगळं नीट ऐकून घेते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते. व्हेल हा मासा नव्हे. पाण्याची वाफ होते आणि वाफेचं पाणी. ऐकून झालं की पाटी खाली ठेवते, उठून स्वयंपाकघरात जाते आणि हळू आवाजात विचारते, "आई, अण्णा म्हणतात ते खरं का गं?"

अनसूया हो म्हणेपर्यंत मी खडू हातात धरून बाहेर बसून राहतो.